हातभर पाणी

माशांना लपायला ठेवलेली करवंटी घासायला काढावी म्हणून नागरत्नानं काचेच्या टाकीत हात घातला आणि तिच्या बोटाला काहीतरी चावलं. चावलं म्हणजे टाचणीचं डोकं टोचावं तेवढंच, रक्त नाही की वळ नाही. पण तिनं हात इतक्या झटक्यानं मागं घेतला की कोपरापासून पाणी उडालं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर ओघळ आले. क्षणभर तिला वाटलं पाण्यात करंट उतरला. हीटरच्या वायरला ती पहिल्यापासून भीत आली होती. मग तिनं काचेला कपाळ टेकून आत बघितलं. हात लागून करवंटी कलंडली होती आणि तिच्या तोंडाशी एक मासा उभा होता. दोघांतली लहान, मादी, मातकट रंगाची, जिच्याकडं वर्षभरात तिचं धड लक्षही गेलं नव्हतं, तीच. पण आता हळदीत बुचकळून काढल्यासारखी पिवळी झाली होती. अंगावर काजळाची रेघ, पोटाखालचे पर ताणलेले, आणि ती सरळ नागरत्नाकडं बघत होती. करंगळीएवढा जीव, पण मागं हटायला तयार नव्हता. तिच्या मागं, करवंटीच्या आतल्या बाजूला, लालसर ठिपके चिकटलेले दिसत होते, खसखशीपेक्षा थोडे मोठे. ते काय आहेत हे कळायला नागरत्नाला जरा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा तोंडून आपोआप निघालं, "अगंबाई, अंडी!"

"बरोबर," मागून पलंगावरून सिद्धराम म्हणाला.

तिचा नवरा आता एवढंच म्हणत असे. वर्ष होत आलं होतं. न्हाणीत पाय घसरला असं आधी सगळ्यांना वाटलं. पाय घसरला नव्हता, लकव्यानं उजवी बाजूच गेली होती. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा बोलणं सगळं पुसून गेलं होतं. बायकोचं नाव, बेंगळुरूला असलेल्या मुलाचं नाव, भाकरी, पाणी, दुखतंय, नको, काहीच उरलं नव्हतं. उरला होता हा एक शब्द. बिदरच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवताना सिद्धराम सरांनी फळ्याकडं तोंड करून मुलांना प्रश्न विचारायचे आणि मागून उत्तर आलं की न वळता म्हणायचं, बरोबर. जन्मभर एवढ्या वेळा म्हटलेला शब्द तेवढा जिभेला चिकटून राहिला. भूक लागली की बरोबर. अंथरूण ओलं झालं की बरोबर. ती समोरून हलली की बरोबर, बरोबर, बरोबर, चढत्या आवाजात, बिदरमधल्या मैलूर भागाच्या त्या गल्लीत चार घरांना ऐकू जाईल असा. पहिल्या पहिल्यांदा तिला रडू यायचं. मग राग यायला लागला. मग असं झालं की सकाळी त्याच्या कपाळाला विभूती लावताना तो पुटपुटला, बरोबर, तर तिला वाटायचं हा माणूस मला गुण देतोय. रोज, प्रत्येक कामाला. तिनं न मागता.

आज मात्र त्याचा आवाज वेगळा होता. ती वळली तर त्याचा डावा डोळा भरून आलेला. तो अंडी बघत नव्हता, पलंगावरून ती दिसणं शक्यही नव्हतं. तो त्या मादीचा पिवळा रंग बघत होता. चार वर्षं त्यानं हा रंग टिकण्याची वाट पाहिली होती. हे मासे त्यानं हैदराबादहून आणले तो दिवस नागरत्नाला आठवला. थर्माकोलचा खोका मांडीवर धरून, रेल्वेत डुलकी न घेता तो आला होता आणि दारातूनच ओरडला होता, "रत्ना, लाईट लाव, पंखा बंद कर, कोणी बोलू नका." जणू बाळंतीण घरी आणायलाय. प्लास्टिकच्या पिशवीत दोन काड्या हलत होत्या. अपिस्टोग्रामा, त्यानं सांगितलं, आणि तिनं उंबऱ्यात उभं राहून विचारलं होतं, खातात का हे? तो हसला नाही. त्या रात्री जेवताना भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून तो बोलत राहिला. दक्षिण अमेरिकेत एवढी मोठी नदी आहे, ॲमेझॉन, पण हे मासे तिच्या मोठ्या धारेत नाही राहत, कडेच्या ओढ्यात राहतात, जंगलाच्या सावलीत. झाडांची पानं पडून पडून ओढ्याच्या तळाशी गुडघाभर थर होतो. पानांचा रस उतरून पाणी बिनदुधाच्या चहासारखं होतं आणि एवढं मऊ की त्यात मीठ म्हणून नाही, चुना म्हणून नाही. त्या पानांच्या सांदीकोपऱ्यात यांचा सगळा संसार. नर रंगीत, भाल्याच्या पात्यासारखी शेपटी, निळी झाक. त्याचा इलाखा मोठा. त्या इलाख्यात तीन-चार माद्या, पण प्रत्येकीची आपापली जागा ठरलेली. एखादं वळलेलं पान, एखादं भोक. नर फिरत राहतो, हिच्याकडं, तिच्याकडं, आणि मादी आपल्या दारात. अंडी घातली की ती पिवळी होते, मग नरालासुद्धा जवळ येऊ देत नाही, हाकलून लावते.

आणि मग तो म्हणाला होता, "बघ की, हातभर जागा पुरते तिला. हातभर पाण्यात जन्म काढते." कौतुकानंच म्हणाला होता. त्याच्या बोलण्यात दुसरं काही नव्हतं, हे तिला तेव्हाही माहीत होतं. पण नागरत्ना ताट अर्धवट टाकून भांडी घासायला उठली. कारण त्याला आठवत नसलं तरी तिला आठवत होतं. मुलगा, अनिल, तिसरीत असताना कलबुर्गीच्या एका मराठी शाळेत तिला नोकरी लागत होती. रुद्रम्मा अक्का, तिची थोरली बहीण, तिथंच राहायची, खोलीसुद्धा अक्कानं बघून ठेवली होती. सिद्धरामनं नको म्हटलं नव्हतं. तो कधीच नको म्हणायचा नाही. तो म्हणाला होता, "पुढच्या वर्षी बघू." आणि त्याच वर्षी पुढच्या खोलीत पहिली टाकी आली, मग दुसरी, मग कपाटाएवढा लाकडी स्टँड, पंप, नळ्या, जाळ्या, आणि कॉलेजच्या आवारातून पोत्यात भरून आणलेली बदामाची लाल पानं. पाण्याला रंग यावा म्हणून ती पानं तो टाकीत सोडायचा. खोलीला कायम ओल्या पाल्याचा वास यायचा. तो वास तिच्या साड्यांना लागला, पापडाच्या डब्याला लागला. खजुरीला माहेरी गेली की वहिनी नाक वर करून विचारायची, "कशाचा वास यायलाय गं तुला?" आणि ती म्हणायची, कुठं काय.

चार वर्षांत या मादीनं कितीदातरी अंडी घातली. प्रत्येक वेळी दोन-तीन दिवसांत ती पांढरी पडत, कापसासारख्या बुरशीनं झाकून जात, आणि मादी एक-एक करून ती स्वतःच खाऊन टाकी. सिद्धराम शेजारी स्टूल घेऊन बसलेला असायचा, हातावर हात. खोट पाण्यात होती, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्यांच्या बोअरचं पाणी एवढं जड की घागरीला आतून पांढरा थर बसायचा, डाळ शिजता शिजायची नाही. फिल्टर प्लांटचं कॅनमधलं मऊ पाणी ओतलं असतं तर काम झालं असतं. एकदा तिनंच सुचवलं होतं. तेव्हा तो चिडला. "ती कॉपी झाली," म्हणाला, "कॉपी करून पास व्हायचं असलं तर घरात मासे कशाला ठेवायचे? आपल्या मातीतल्या पाण्यात यांना वाढवून दाखवीन. हळूहळू सवय लावीन. पिढी दोन पिढी." बिदरच्या लाल दगडातल्या पाण्याशी ॲमेझॉनच्या माशाची सोयरीक जमवायला निघालेला माणूस. तिला त्याची दया आली होती आणि थोडं बरंही वाटलं होतं, का ते तिनं स्वतःला विचारलं नाही.

आणि आता अंडी धरली होती. त्या दिवशी पांढरी पडली नाहीत, दुसऱ्या दिवशी नाहीत. मादी तोंडानं त्यांना चोखायची, परांनी वारा घालायची. चौथ्या दिवशी करवंटीच्या छताला अंड्यांऐवजी बारीक शेपट्या वळवळत होत्या. नागरत्ना घरातलं काम सोडून काचेपुढं बसली. एकदम तिच्या ध्यानात आलं. गेलं वर्षभर टाकीतलं पाणी कमी झालं की ती स्वयंपाकघरातला प्यायच्या पाण्याचा कॅनच ओतत आली होती. कशाला? खालून बोअरची बादली भरून आणायची म्हणजे तेवढा वेळ त्याच्या नजरेआड व्हायचं, म्हणजे बरोबर, बरोबर, बरोबर. कॅन स्वयंपाकघराच्या दाराशीच, त्याला दिसेल असा असायचा. सडकी पानं काढायलाही तिला वेळ नव्हता. ती तळाशी साठत गेली, थरावर थर. जे त्यानं अभ्यास करून, हट्टानं, चार वर्षं केलं नाही, ते तिच्या कंटाळ्यानं होऊन गेलं होतं. तिला हसू आलं. मोठ्यानं हसली ती, एकटीच, आणि पलंगावरून तो तिच्याकडं आनंदानं बघत राहिला. त्याला वाटलं असेल, पाणी जिंकलं. आपल्या लाल दगडाचं पाणी. तिनं काही सांगितलं नाही.

पुढचे दिवस ती दोघं त्या टाकीपुढं होती, तो पलंगावर, ती स्टुलावर. पिल्लं बाहेर आली तेव्हा आधी धूळ हलल्यासारखं वाटलं. पिवळी पुढं जायची, अंगाला एक झटका द्यायची, की ती सगळी धूळ तिच्या मागं जायची. ती पर मिटून थबकली की सगळी तळाला चिकटून गप्प, पान आणि पिल्लू वेगळं ओळखू येऊ नये अशी. ती त्यांना एका जागी बसवून ठेवत नव्हती. सकाळी या पानाखाली, दुपारी त्या दगडामागं. हातभर पाण्यात ती त्यांना गावंच्या गावं दाखवत होती. नागरत्ना उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळून टाकायची. डोक्यावरून एअरफोर्सची विमानं घरघरत जायची आणि काच थरथरली की पिल्लं गप्प व्हायची. वर्षभरात पहिल्यांदा तिला दिवस संपल्याचं कळेनासं झालं.

फक्त नराचं काय करावं ते समजत नव्हतं. पिवळी त्याला कुठंच टिकू देत नव्हती. तो तिच्या दुप्पट, पण ती बाणासारखी यायची आणि त्याच्या बगलेत तोंड मारायची. तो या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. ओढ्यात असता तर दहा हात लांब गेला असता, दुसऱ्या मादीच्या दाराशी, नाहीतर नुसता हिंडत राहिला असता. इथं काचेला धडकून वळायचा आणि वळला की ती समोर. त्याची भाल्याची शेपटी चिंध्या होत चालली होती. शेवटी त्यानं पंपाच्या नळीमागं, अगदी पाण्याच्या वरच्या थराला, तोंड वर करून लटकून राहायला सुरुवात केली. नागरत्ना त्याच्याकडं बघायची नाही.

त्याच आठवड्यात रुद्रम्मा अक्काचा फोन आला. तिच्या धाकटीचं लग्न होतं, कलबुर्गीतच.

"रत्ना, एक दिवस तरी येनास का गं," अक्का म्हणाली. "तुझ्याबिगर हळद कशी लावू?"

"कसं येऊ अक्का? यांना कोण बघंल?"

"अमृतप्पा हाय की तुझ्या शेजारी. भला माणूस हाय."

"मी दिसले न्हाई की वरडतात गं. सगळी गल्ली गोळा व्हतीय."

"वरडू दे की एक दिवस. वरडून माणूस मरतंय व्हय?"

नागरत्नानं फोन ठेवला. अक्कानं असं म्हणणं सोपं होतं. मागं एकदा कोपऱ्यावर भाजीची गाडी आली म्हणून ती पिशवी घेऊन उतरली होती. मेथीची जुडी हातात धरलेली असताना आवाज सुरू झाला. ती पळत आली तेव्हा दारात बायका जमल्या होत्या. त्या बाजूला झाल्या, आणि त्यांच्यामधून आत जाताना तिला वाटलं होतं, आपण याला मारलंय. तेव्हापासून भाजी दारात येत होती, दूध दारात, पिठाची गिरणी बंद, सगळं पाकिटातलं. अनिल बेंगळुरूहून फोनवर म्हणायचा, मम्मी, माणूस ठेवू या. माणूस ठेवला तर सिद्धराम त्याच्या हातून घास घेईना. कधी कधी दुपारी तो झोपला असताना ती त्याच्या तोंडाकडं बघत राही. वाकडी झालेली जिवणी, ओघळ. आणि मनात येई, याला समजतंय सगळं. मुद्दाम करायलाय हा. पुढच्या वर्षी बघू म्हणणारा माणूस जाणार कुठं? मग स्वतःची एवढी लाज वाटे की ती त्याचे पाय चेपत बसे.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी तो ओरडू लागला. ती समोरच होती, स्टुलावर, हरभऱ्याची डाळ निवडत. डाव्या हातानं त्यानं चमचा घेतला आणि पलंगाच्या दांडीवर आपटायला लागला. बरोबर! बरोबर! तिनं पाणी दिलं, त्यानं ते सांडलं. उशी सरळ केली. लघवीचं भांडं लावलं. पाय हलवले. पंखा लावला, बंद केला. चमचा थांबेना. बाहेर कोणीतरी खिडकीशी येऊन गेलं. तेव्हा नागरत्नाच्या हातातलं ताट खाली पडलं, की तिनं टाकलं, डाळ सगळ्या खोलीभर झाली.

"काय बरोबर? काय बरोबर हाय वो?" ती ओरडली. हा आवाज आपला आहे हे तिला ओळखू येईना. तो खजुरीच्या शेतातला आवाज होता, बांधावरून हाक मारायचा. "कामून वरडायलाव? कुठं चाललेय मी? हितंच तर हाय! वर्ष झालं हितंच हाय! अक्काच्या पोरीचं लगीन हाय उद्या, तिथंबी चालले न्हाई मी. आणि ती तुमची पिवळी, तिनं तुमच्या बोअरच्या पाण्यात न्हाई घातली अंडी. कॅनचं पाणी हाय ते! वर्षभर कॅनचं पाणी ओतायले मी. कॉपी केली. ऐकलाव? कॉपी केली म्हणून जगली ती पिल्लं!"

चमचा थांबला. सिद्धराम तिच्याकडं बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरून काय गेलं ते तिला सांगता आलं नसतं. एवढंच दिसलं की ते त्याला समजलं. शब्द न् शब्द समजला. मग त्यानं डावा हात उचलला, चमच्यासकट, आणि टाकीकडं दाखवलं. तिनं वळून बघितलं. नर नळीमागं आडवा झाला होता. एक कल्ला उघडझाप करत होता, दुसरी बाजू पाण्याबाहेर, आणि खालून पिवळी पुन्हा वर यायला निघाली होती.

एवढा वेळ तो हे सांगत होता.

तिनं चहाची गाळणी आणली. हात घातला तर पिवळी तिच्या मनगटाला धडका देत राहिली, पण तिनं या वेळी हात मागं घेतला नाही. नराला गाळणीत उचललं, लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत टाकीतलंच पाणी घेतलं, वर एक बदामाचं पान, आणि बरणी खिडकीत, त्याला पलंगावरून दिसेल अशी ठेवली. नर बराच वेळ पानावर पडून होता. मग सरळ झाला. बरणीत त्याला वळण्यापुरतीच जागा होती, पण त्या जागेत कोणी नव्हतं. त्याचा निळा रंग हळूहळू परत आला.

नागरत्ना खाली बसून डाळ गोळा करू लागली. गुडघे टेकून, पलंगाखाली हात घालून. मघाशी बोललेलं सगळं आता खोलीत तसंच पडून होतं, ते गोळा करता येण्यासारखं नव्हतं. मान वर केली तेव्हा त्याचा हात पुन्हा उचललेला होता. तिच्याकडं, आणि मग दाराकडं. की दाराला टांगलेल्या त्याच्या सदऱ्याकडं? की नुसता थरथरला?

"मी जाऊ व्हय?" तिनं विचारलं. "लग्नाला?"

"बरोबर."

ती उठू लागली. पण ती थांबली आणि त्याच आवाजात तिनं पुन्हा विचारलं, "नको जाऊ?"

"बरोबर," सिद्धराम म्हणाला, त्याच आवाजात, आणि त्याचा डोळा पुन्हा भरला.

ती त्याच्याकडं बघत राहिली. तिला वाटलं, जन्मभर याच्याकडून हेच ऐकत आले. नको नाही, व्हय नाही. लकव्यानं काही नवीन केलं नव्हतं. पण आज पहिल्यांदा असं वाटलं की तोही तिकडून काचेला हात लावून उभा आहे, त्यालाही काहीतरी ठरलेलं सांगायचं आहे आणि ते बाहेर पडत नाही. ठरवायचं तिचं तिलाच होतं. ती उठली आणि शेजारी जाऊन अमृतप्पांना म्हणाली, "अण्णा, उद्या सकाळी येता का वो आमच्याकडं? दोन दिवस बसावं लागंल." अमृतप्पा सरकारी बसचे रिटायर ड्रायव्हर. त्यांनी कारण विचारलं नाही, फक्त म्हणाले, "येतो की. मला काय, गाडीत बसायचं न्हाई तर पलंगापाशी."

सकाळी तिनं त्याला आंघोळ घातली, विभूती लावली, पिल्लांना बलक टाकला, अमृतप्पांना औषधं दाखवली. साडी बदलली. त्यानं सगळं बघितलं. "येते मी," ती म्हणाली, आणि तो काही म्हणाला नाही. पायऱ्या उतरली, फाटक लावलं, आणि फाटकाला हात धरून उभी राहिली. आता आवाज येईल. आत कान, बाहेर पाय. कोपऱ्यावरून दूधवाला गेला, एक कुत्रं येऊन तिला हुंगून गेलं. आवाज आला नाही. तिला वाटलं होतं आवाज आला तर परत जाऊ, नाहीतर निघू, एवढं सोपं आहे. पण आवाज आला नाही तेव्हा तिनं फाटक आणखी घट्ट धरलं. वर्षभर त्या ओरडण्याला टेकून उभी होती ती. कुणी धक्का देऊन दार उघडायला जावं आणि दार आधीच उघडं निघावं, तसं होऊन ती गल्लीतून चालत सुटली, जवळजवळ तोल जात.

बसमध्ये खिडकीशी बसून ती हुमनाबादपर्यंत काहीच बघत नव्हती. तुरीची शेतं मागं जात होती. हुमनाबाद स्टँडवर बस थांबली तेव्हा तिनं फोन लावला. अमृतप्पा म्हणाले, "इडली खाल्ली सरांनी. दोन खाल्ली. आता मासे बघायलेत." तिनं बरं म्हटलं आणि फोन पदरात धरून बसून राहिली. आपल्या हातून तो कधी दीडच्या वर खात नाही. कलबुर्गीला लग्नघरात अक्कानं तिला मिठी मारली, बायकांनी कसे आहेत सर विचारलं, ती सांगत राहिली. गव्हाची गोड हुग्गी जेवली, नवरीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या. दुपारी सगळे लवंडले तेव्हा ती एकटीच निघून अप्पाच्या तलावापर्यंत चालत गेली. ते पाणी एवढं होतं की त्याचा पलीकडचा काठ बघायला तिला डोळे बारीक करावे लागले. कठड्यावर बसून तिच्या लक्षात आलं की आपण बोलतोय. हलक्या आवाजात, ओठातल्या ओठात. हितं ऊन हाय वो. पाणी हिरवं दिसायलंय. पोरगी गोरी दिसत व्हती शालूत. ती त्याला सांगत होती. बस सुटल्यापासून सगळा वेळ ती त्याला सांगत होती. शेजारी शेंगा खात बसलेल्या बाईनं तिच्याकडं वळून बघितलं, आणि नागरत्ना गप्प झाली, पण आतलं बोलणं थांबलं नाही. एवढं मोठं पाणी, आणि ती हातभरच जागा घेऊन इथवर आली होती.

अक्का म्हणाली, आणखी दोन दिवस राहा. ती राहिली नाही. पण ठरल्याआधीही निघाली नाही. दुसऱ्या दिवशी, ठरल्याप्रमाणं, दुपारच्या बसनं ती परत आली. मैलूरच्या गल्लीत ऊन उतरलं होतं. फाटक उघडून ती पायऱ्यांशी आली आणि थबकली. आतून हसण्याचा आवाज येत होता. एक अमृतप्पांचा, खोकल्यासारखा. दुसरा तिला आधी ओळखूच आला नाही. जाड, वाकड्या तोंडातून निघणारा, हवेसारखा. पण हसूच होतं ते. अमृतप्पा काहीतरी सांगत होते, घाटात रिव्हर्स घेताना मागं म्हैस कशी आली त्याचं, आणि सिद्धराम हसत होता. वर्षभरात तिनं ते ऐकलं नव्हतं. तिच्यासमोर तो हसला नव्हता. तिनंही त्याला म्हशीचं काही सांगितलं नव्हतं.

तिला वाईट वाटलं, इतकं की पायरीवर बसावं लागलं. मग तिथं बसल्यावर दुसरंच काहीतरी वाटलं, ज्याला नाव देता येईना. पायरी उन्हानं ऊबदार होती. पिशवीत अक्कानं बांधून दिलेले बुंदीचे लाडू होते. तिनं एक काढला आणि सावकाश, कुणी बघत नसताना, आख्खा खाल्ला. बोटं पदराला पुसली. समोरच्या घरातल्या रेणूनं कपडे वाळत घालता घालता विचारलं, "आलाव का काकू? आत न्हाई जायलाव?"

"जाते की," नागरत्ना म्हणाली. "बसले जरा."

आत म्हैस संपली होती आणि आता कुठला तरी साहेब बसमध्ये चढत होता. ती ऐकत राहिली, गोष्ट संपेपर्यंत. मग उठून तिनं आपल्याच घराची कडी बाहेरून वाजवली आणि कुणी उघडायला येईपर्यंत पाहुण्यासारखी दाराबाहेर उभी राहिली.